इंग्रजी पोरं, स्पॅनिश नामं आणि माझं लाल पेन

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात साठेक पेपर तपासले. ह्यूस्टनजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी स्पॅनिश शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी फक्त इंग्रजी बोलणारी. पानापानावर लाल गोल, आणि त्यातले बहुतेक गोल दोन चिमुकल्या शब्दांभोवती: एल नाहीतर ला.

ज्यांचा स्पॅनिशशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पॅनिशमध्ये नाम एकतर पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी. त्याच्या पुढे लागणारं आर्टिकल (शाळेत ज्याला 'उपपद' म्हणायचो ते) त्यानुसार बदलतं: एल लिब्रो म्हणजे पुस्तक, ला मेसा म्हणजे टेबल. अनेकवचनात लोस आणि लास. विशेषणही मागोमाग जातं: लिब्रो ब्लांको, मेसा ब्लांका. आपल्याला यात काय नवल? पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतच आपण मोठे झालो. आपल्याकडे तर तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच.

माझ्या मुलांना नियम येत नाहीत असं मात्र नाही. ओ-कारान्त बहुतेक पुल्लिंगी, आ-कारान्त बहुतेक स्त्रीलिंगी, हे पहिल्या आठवड्यातच पाठ होतं. 'ला मानो' (हात) आणि 'एल दीया' (दिवस) हे अपवादही घडाघडा म्हणतात. लेखी परीक्षेत गाळलेल्या जागा बरोबर भरतात. आणि तोंडी परीक्षेला त्यातलीच एक हुशार मुलगी स्वतःच्या आईबद्दल सांगते, "मि माद्रे एस आल्तो." माझी आई उंचा आहे! आई बाई आहे हे काय तिला ठाऊक नाही? 'आल्ता' हे रूपही ठाऊक आहे, दहा मिनिटांपूर्वी तिनंच कागदावर लिहिलं होतं. बोलताना मात्र जिभेवर पुल्लिंगच येतं. आणि चूक जवळजवळ नेहमी याच दिशेनं होते. पुरुषाला 'आल्ता' म्हणणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला.

मी स्वतः पुण्यात स्पॅनिश शिकले तेव्हा माझ्या चुका अगदी वेगळ्या होत्या. लिंग असतं हे मला कुणी समजवावं लागलं नाही, पण मराठीतलं लिंग मी सर्रास तिकडे नेऊन चिकटवायचे. नदीला 'ला रीओ' म्हणायचे. गंगा-गोदावरीला आई म्हणत वाढलेल्या बाईला नदी 'तो' आहे हे पचायला वेळ लागतो हो. स्पॅनिशमध्ये रीओ पुल्लिंगी, त्यामुळे आपली गंगासुद्धा तिकडे 'एल गांखेस'!

तर प्रश्न असा: नियम पाठ असूनही तोंडातून का येत नाही? आणि मी शिकवताना काय बदलू? इथे भाषावाले, मास्तर, पालक सगळेच आहेत म्हणून विचारतेय.

खडीसाखर

रुमाल टाकून ठेवते, कारण आमच्याकडे न्यू जर्सीत हेच चाललंय. लेक आठवीत, स्पॅनिशचं पहिलंच वर्ष. परवा विचारत होता, "आई, टेबल मुलगी का आहे?" मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार खुर्ची मुलगी का आहे ते. त्यानं खरंच फोन केला. आजी म्हणाली, "अरे, खुर्ची ती खुर्चीच!"

बाईंनी त्यांना कसलंसं 'लोनर्स' शिकवलंय. ते काय असतं?

पाटीपेन्सिल

खडीसाखर, आजींना माझा दंडवत. याहून बरं उत्तर मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही.

'लोनर्स' ही अमेरिकेतल्या वर्गांमधली आठवणीची युक्ती. एल, ओ, एन, ई, आर, एस या अक्षरांनी संपणारं नाम पुल्लिंगी समजायचं. डी, 'इओन', झेड आणि ए (उच्चार 'आ') यांनी संपणारं स्त्रीलिंगी. युक्ती वाईट नाही, पण 'ई' या अक्षरानं (उच्चार 'ए') संपणाऱ्या शब्दांवर तिचं तारू फुटतं. ला लेचे (दूध), ला नोचे (रात्र), ला क्लासे, ला कार्ने (मांस), ला कायये (रस्ता) हे सगळे रोजचे शब्द आणि सगळे स्त्रीलिंगी. शिवाय ला फ्लोर, ला साल, ला मिएल. म्हणजे फूल, मीठ, मध.

त्यापेक्षा 'सिओन'चा नियम सोन्यासारखा. इंग्रजीत 'शन'नं संपणारे ढीगभर शब्द थोडा उच्चार बदलून स्पॅनिशमध्ये येतात आणि सगळे स्त्रीलिंगी: ला नासिओन, ला एदुकासिओन, ला तेलेविसिओन. 'दाद'नं संपणारेही तसेच: ला सिउदाद, ला उनिवेर्सिदाद. इंग्रजी मुलांना स्पॅनिशमध्ये फुकट मिळालेलं हे एकमेव घबाड, आणि आपण पुस्तकात ते कुठेतरी मागच्या पानावर शिकवतो!

उलट त्रास देतात ते ग्रीकमधून आलेले 'मा'वाले: एल प्रोब्लेमा, एल सिस्तेमा, एल क्लीमा, एल इदिओमा, एल पोएमा. मूळ ग्रीकमध्ये हे नपुंसकलिंगी. लॅटिनमार्गे स्पॅनिशमध्ये आले तेव्हा नपुंसकलिंगाची खोलीच बंद झालेली, मग पुल्लिंगाच्या खोलीत राहिले. पण म्हणून 'मा' दिसला की एल लावावा तर ला कामा (पलंग), ला फोर्मा, ला क्रेमा आहेतच वाट अडवायला. 'ला मानो'चंही असंच, लॅटिनमध्येच तो शब्द स्त्रीलिंगी होता, शेपटी तेवढी पुल्लिंगासारखी. आणि फोतो, मोतो हे 'ला' का? कारण ते फोतोग्राफीया आणि मोतोसिक्लेता यांचे नुसते तुकडे आहेत.

मुलांना या गोष्टी ऐकायला आवडतात. बोलताना त्यातलं काही उपयोगी पडत नाही ते वेगळं.

उगाच_एक

मला एक कळत नाही. इंग्रजीनं लिंग टाकून दिलं, त्यांचं काय अडलं? जगभर दुकान चालू आहे. एवढा खटाटोप करून 'टेबल ती' म्हणून मिळतं काय?

(हलके घ्या.)

रूपिम

उगाचराव, इंग्रजीनं टाकलं हे खरं, पण तिच्याकडेही एकेकाळी आपल्यासारखीच तीन होती. जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि 'वीफ' म्हणजे बाई चक्क नपुंसकलिंगी! शब्दांची शेपटं झिजत गेली तसं लिंगही गेलं, आधी उत्तरेकडे, मग दक्षिणेत.

आता 'मिळतं काय' याचं उत्तर. लिंग बोलणाऱ्याला ओझं वाटतं, पण ऐकणाऱ्याला ती खूण असते. २००७ साली केसी लू-विल्यम्स आणि ॲन फर्नाल्ड यांनी स्पॅनिश शिकत असलेल्या तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर प्रयोग केला. समोर दोन चित्रं. दोन्ही वस्तू एकाच लिंगाच्या असतील तर पोरं नाम ऐकेपर्यंत थांबत. वेगवेगळ्या लिंगांच्या असतील तर 'ला' कानावर पडताच नजर त्या चित्राकडे वळायला लागायची. २०१० मध्ये त्यांनीच इंग्रजी मातृभाषेच्या प्रौढ विद्यार्थ्यांना बसवलं. ओळखीचेच शब्द होते, तरी यांना 'एल' आणि 'ला'चा काही फायदा घेता आला नाही. आर्टिकल यांच्या कानावरून वाऱ्यासारखं जातं, नाम आल्यावरच डोळा हलतो.

पाटीपेन्सिल यांच्या प्रश्नाचं मूळ मला इथं दिसतं. इंग्रजीत 'द' सगळ्यांना सारखाच. ऐकताना त्याच्याकडे लक्ष दिलं काय, न दिलं काय, पुढच्या नामाबद्दल तो फारसं काही सांगत नाही. जन्मभराची ही सवय घेऊन मूल स्पॅनिशच्या वर्गात येतं. मग ते 'मेसा' शिकतं, आणि 'ला' हा त्या शब्दाला मागाहून लावायचा टिळा होतो.

पण निराश होऊ नका. पाओला दुस्सियास आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, स्पॅनिश फार चांगली आलेले इंग्रजी भाषक आर्टिकल ऐकून आधीच नजर वळवत होते, मूळच्या स्पॅनिश भाषकांसारखे. म्हणजे दार बंद नाही, उशिरा उघडतं.

'आल्तो'बद्दल: ती मुलगी एकटी नाही. कॉरिन मॅकार्थी यांनी २००८ मध्ये हेच दाखवलंय की इंग्रजी भाषकांच्या चुका पुल्लिंगाकडे कलतात, आणि नुसत्या बोलतानाच नाही, समजून घेतानाही. त्यामुळे 'जीभ अडखळली' एवढंच म्हणून सोडता येत नाही.

उगाच_एक

ऐकणाऱ्याला खूण हे मात्र पटलं. आमच्याकडे रोज सकाळी प्रयोग होतो. मी आतून ओरडतो, "कुठं ठेवलीस?" बायको न बघता सांगते, चावी फ्रीजवर. "कुठं ठेवलास?" म्हटलं की चष्मा टीव्हीपाशी. नाव घ्यायचीसुद्धा गरज नाही. इंग्रजी नवरे बिचारे पूर्ण वाक्य बोलत असतील.

दर्याकाठ

गोव्यातून हजेरी. ही 'चावी' पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आलेली, तिकडे स्त्रीलिंगी आणि आपल्याकडेही स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये तिची बहीण 'ला याव्हे'. पण बटाट्याची गंमत बघा. पोर्तुगीजमध्ये 'बताता' स्त्रीलिंगी, कारण तिकडे आ-कारान्त म्हणजे बहुधा बाई. मराठीत आला आणि आपण शेपटी बघून म्हणालो, आ-कारान्त म्हणजे घोडा, आंबा, फळा, बटाटा. पुरुष! एकच 'आ', तिकडे पदर आणि इकडे मिशी.

तेच 'मेज'चं. पोर्तुगीजमध्ये मेझा, स्पॅनिशमध्ये मेसा, दोन्हीकडे ती. आपलं मेज मात्र ते.

सांगायचं एवढंच की लिंग वस्तूला नसतं, शब्दाच्या शेपटाला असतं, हे आपल्या हाडात आहे. परका शब्द आला की आपण एका दिवसात त्याला लिंग चिकटवतो: बस ती, फोन तो, टेबल ते. ती इंग्रजी पोरं बिचारी 'टेबलात बाईपण काय आहे' हे शोधत बसतात.

अवांतर: शीर्षकात 'माझं पेन' वाचलं. आमच्याकडे 'माझा पेन'.

खडीसाखर

आमच्याकडे 'माझी पेन'. आता यावरून दुसरा धागा निघणार!

साळसूद

वाचतोय. मी नाशिकचा. ॲपवर स्पॅनिश शिकतो, पाचशे दिवसांची साखळी तुटू दिलेली नाही, बोलता मात्र काही येत नाही. माझी अडचण उलटी आहे. लिंग बऱ्यापैकी जमतं, आर्टिकल टाकायचंच विसरतो. ॲपमधलं ते घुबड हे घुबड नसून माझ्या शाळेतले इंग्रजीचे सर असावेत, एवढं रागावतं.

एक मात्र आवडलं. आपला देश तिकडे 'ला इंदिया' आहे, आर्टिकलसकट. मेक्सिकोला ते नाही, फ्रान्सला नाही, आपल्याला आहे. उगाच छाती फुगली.

पण ताई, इंग्रजीत 'अ' आणि 'द' आहेतच ना? मग त्या मुलांना आर्टिकल तरी सोपं जात असेल?

पाटीपेन्सिल

साळसूद, अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. लिंग त्यांच्याकडे नाही म्हणून अवघड, आर्टिकल आहे म्हणून सोपं. आता मला उलटं वाटतं. जे अजिबात नाही ते निदान नवं म्हणून शिकतात. जे आहे असं वाटतं, तिथे मुलं शिकतच नाहीत, जुनंच चालवतात.

इंग्रजीत 'कुत्री इमानी असतात' म्हणायचं तर नाम उघडंच येतं, 'द' लावला तर ओळखीची ठरावीक कुत्री होतात. स्पॅनिशमध्ये वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून असं उघडं नाम चालत नाही. 'लोस पेर्रोस सोन लेआलेस' असंच म्हणावं लागतं, मग ती जगातली सगळी कुत्री असोत की शेजाऱ्याची दोन. 'ला व्हीदा एस दूरा', आयुष्य खडतर आहे. माझी मुलं लिहितात 'व्हीदा एस दूरा'. यात लिंगाची चूक नाही, शब्दाची नाही, क्रियापदाची नाही. वाक्य आतून इंग्रजी आहे एवढंच.

हीच गोष्ट उलट्या दिशेनंही दिसते. स्पॅनिश बोलणारे इंग्रजी शिकताना 'द लाइफ इज हार्ड' म्हणतात. आमच्या शाळेत दोन्ही बाजूंची मुलं एकाच बाकावर बसतात, एक 'द' गाळतो तिथे दुसरा 'द' घालतो, आणि दोघांना एकमेकांची चूक लगेच ऐकू येते, स्वतःची नाही.

बरं, सगळीकडे आर्टिकल लावा असंही सांगता येत नाही. 'कोमो मान्सानास', मी सफरचंदं खातो, इथे उघडं नाम बरोबर, कारण थोडीफार, कितीतरी अशी. पण 'मे गुस्तान लास मान्सानास', मला सफरचंदं आवडतात, इथे 'लास' हवंच. इंग्रजी मुलाला दोन्हीकडे सफरचंद हे कर्मच वाटतं. आपल्याला चटकन दिसेल की 'मला सफरचंदं आवडतात'मध्ये आवडणारी सफरचंदं हीच कर्ता आहेत. स्पॅनिश नेमकं तसंच बोलते. एकदा एका वर्गात मी फळ्यावर मराठी वाक्य लिहून खाली स्पॅनिश शब्द ठेवले होते. मुलांना मराठी काय कळणार, पण एक जण म्हणाला, "ओह, सफरचंदं काहीतरी करतायत, मी नाही!" त्या दिवशी घरी जाऊन मी शिरा केला.

अशा जागा पुष्कळ आहेत, जिथे आपण मनात स्पॅनिशसारखेच असतो. 'मे लावो लास मानोस'. आपणही 'हात धुतले' म्हणतो, 'माझे हात धुतले' म्हणत नाही, दुसऱ्याचे कोण धुणार? इंग्रजी मुलं हमखास 'मिस मानोस' लिहितात. 'सोय प्रोफेसोरा', मी शिक्षिका आहे, मध्ये 'उना' नको. ती लिहितात 'सोय उना प्रोफेसोरा'. (हल्ली मराठीतही 'मी एक गृहिणी आहे' असं जिथंतिथं वाचते, त्यावर माझं लाल पेन शिवशिवतं.) तसंच 'ओत्रो लिब्रो' म्हणजे दुसरं एक पुस्तक, त्याला 'उन' लावायचं नाही. आणि 'सोमवारी' म्हणायला 'एल लुनेस', शब्दयोगी वगैरे काही नको, आर्टिकलच काम करतं.

लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येतंय की मी लिंगावर गोल करते आणि या जागा सोडून देते. 'मिस मानोस'खाली तर बारीक रेघ मारून पुढे जाते, कारण अर्थ कळतो. पण अर्थ 'एल मानो'चाही कळतोच की.

रूपिम

याला पुष्टी. तानिया आयोनिन, सिल्विना मोन्त्रुल आणि मोनिका क्रिव्होस यांनी २०१३ मध्ये हेच दोन्ही दिशांनी तपासलं, इंग्रजी शिकणारे स्पॅनिश भाषक आणि स्पॅनिश शिकणारे इंग्रजी भाषक. अनेकवचनी नामाचा अर्थ लावताना दोन्हीकडे मातृभाषेची सावली होती. म्हणजे तुमचा बाक प्रयोगशाळाच आहे.

लिंगाबाबत मात्र मातृभाषेचं गणित एवढं सरळ नाही. लिडिया व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंग्रजी भाषक आणि फ्रेंच भाषक अशा दोन्ही गटांना स्पॅनिशमध्ये तपासलं. फ्रेंचमध्ये लिंग आहे, इंग्रजीत नाही. तरी फरक पडला तो स्पॅनिश किती आली आहे यानं, घरची भाषा कुठली यानं नाही. वरच्या पातळीवर पोचलेले इंग्रजी भाषकही लिंग नीट सांभाळत होते. त्यामुळे 'इंग्रजी डोक्यात लिंग शिरतच नाही' हे म्हणणं टिकत नाही.

खडीसाखर

हुश्श. लेकाला आधी फ्रेंच का दिलं नाही म्हणून मी स्वतःला बोल लावत होते.

बरं, आज त्याला 'एल आग्वा फ्रीया' यावर अडलं. पाणी 'एल' आणि थंड मात्र 'फ्रीया'? हे काय अर्धनारीनटेश्वर?

पाटीपेन्सिल

पाणी स्त्रीलिंगीच. पण एकवचनी स्त्रीलिंगी नाम आघातयुक्त (जोर देऊन उच्चारलेल्या) 'आ'नं सुरू होत असेल तर त्याच्या लगेच आधी 'ला'ऐवजी 'एल' येतं. एल आग्वा, एल आगिला (गरुड), एल आल्मा (आत्मा), एल आम्ब्रे (भूक). अनेकवचनात लास आग्वास. आणि 'आमिगा'मध्ये आघात मधल्या अक्षरावर, म्हणून 'ला आमिगा'.

मुलं म्हणतात, दोन 'आ' एकत्र म्हणायला अवघड म्हणून. ते काही पूर्ण खरं नाही. हे 'एल' मुळात पुल्लिंगी 'एल' नव्हेच. लॅटिनच्या 'इल्ला'वरून जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं. व्यंजनापुढे त्याचं डोकं गळून 'ला' उरलं, 'आ'पुढे शेपूट गळून 'एल' उरलं. म्हणजे ही बाईच आहे, फक्त केस कापलेली. हे असं सांगितल्यावर वर्ग विसरत नाही.

लेकाला हेही सांगा की 'हे पाणी' म्हणताना 'एस्ता आग्वा' बरोबर, पण स्पॅनिश मातृभाषा असलेले लोकसुद्धा बऱ्याचदा 'एस्ते आग्वा' म्हणून जातात. त्या 'एल'नं त्यांनाही चकवलंय.

दर्याकाठ

ताई, तुमच्या वर्गात मेक्सिकन घरातली मुलंही असतील ना? त्यांचं काय होतं? आमच्या नात्यातली लिस्बनला वाढलेली पोरं कोकणी फाडफाड बोलतात, लिहायला सांगितलं की घाम फुटतो.

पाटीपेन्सिल

असतात, प्रत्येक वर्गात चार-पाच तरी. आजीशी स्पॅनिश, भावाशी इंग्रजी. त्यांच्या तोंडून 'ला मानो' असं येतं की मधे फट नाही. पण पेपरात 'हे वाक्य चूक का' असं विचारलं की गार. इंग्रजी मुलं नेमकी उलट, कागदावर वाघ. एका मुलाला मी विचारलं, तुला 'ला लेचे' कसं कळलं? म्हणाला, "मिस, 'लेचे' असं नुसतं कोण म्हणतं?"

आणि परीक्षेचे गुण कागदाला. त्याच्यापेक्षा 'आल्तो'वालीला जास्त मिळाले. मलाच टोचलं ते.

रूपिम

सिल्विना मोन्त्रुल, रिबेका फूट आणि सिल्विया पेर्पिन्यान यांच्या २००८ च्या अभ्यासात हेच आहे. वर्गात शिकलेले इंग्रजी भाषक लेखी कामात वरचढ, घरात ऐकून वाढलेले तोंडी कामात.

पण त्या मुलाचं वाक्य मला फ्रेम करून ठेवावंसं वाटतंय. 'लेचे असं नुसतं कोण म्हणतं?' इनबाल आर्नोन आणि मायकेल रॅम्स्कार यांनी २०१२ मध्ये एक बनावट भाषा तयार करून मोठ्या माणसांना शिकवली. एका गटाला आधी सुटी नामं, मग वाक्यं. दुसऱ्याला आधी पूर्ण वाक्यं, मग सुटी नामं. सामग्री तीच, फक्त क्रम उलटा. ज्यांनी आधी वाक्यं ऐकली त्यांना कुठल्या नामाला कुठलं आर्टिकल हे अधिक चांगलं आलं. लहान मूल असंच शिकतं, त्याला 'लालेचे' हा एकच आवाज ऐकू येतो, तो फोडायचं काम नंतर. आपण मोठ्यांना आधी फोडलेले तुकडे देतो आणि मग चिकटवा म्हणतो.

पाटीपेन्सिल

रूपिम, तुमचा हा प्रतिसाद वाचून दोन आठवडे झाले, म्हणून धागा वर काढतेय.

भिंतीवरची शब्दांची यादी फाडली. जुनी यादी अशी: मेसा, कंसात स्त्री. लेचे, कंसात स्त्री. तो कंस कुणी वाचतच नव्हतं, मीसुद्धा. आता भिंतीवर सुटं नाम नाही. 'ला लेचे फ्रीया', 'एल पान काल्येन्ते' (गरम पाव) असे गठ्ठे, शक्यतो विशेषणासकट. 'फ्रीया'चा 'आ' दिसला की 'लेचे'च्या फसव्या 'ए'चं भय राहत नाही. काल्येन्ते दोन्ही लिंगांना सारखंच असल्यामुळे पहिल्याच दिवशी माझीच फजिती झाली, पावाला काही खूण उरली नाही. त्याला आता 'ब्लांको' लावलंय.

दुसरं, खेळ. टेबलावर दोन वस्तू ठेवायच्या, मी फक्त 'दामे ला...' म्हणून थांबायचं. दे मला ती... नाम नाहीच. मुलांनी वस्तू उचलायची. पहिल्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. मेक्सिकन घरातल्या दोघांनी मी 'ला' म्हणताक्षणी कप उचलला आणि बाकीचे ओरडले, "बाईंनी अजून सांगितलंच कुठंय?" परवा 'आल्तो'वालीनंही उचलला, थोडा उशिरा, पण मी पुढचं काही बोलायच्या आत. बोलताना तिची आई अजून 'आल्तो'च आहे.

आणि 'मिस मानोस'वर आता पूर्ण गोल करते.

साळसूद

'कुठं ठेवलीस'चा खेळच की हा! उगाचरावांना मानधन द्या.

खडीसाखर

आमच्याकडचं ऐका. काल लेक फ्रीज उघडून म्हणाला, "आई, दूध संपली." मी म्हटलं, दूध संपलं. तर म्हणतो, "ला लेचे ना?" एवढी वर्षं मराठी जपली आणि स्पॅनिशनं दुधात माती कालवली.

उगाच_एक

दूध संपली तर संपली. चहा तरी मिळेल का?

पाटीपेन्सिल

चहाची काळजी नको, तो दोन्हीकडे पुल्लिंगी. फक्त स्पॅनिशमध्ये चहाला 'ते' म्हणतात, आणि तिथे 'ते' हा 'तो' असतो.